मास्तरांच्या मागून वर्गात

आमची धाकटी नात यंदा आठवीत गेली. परवा तिची नवी पुस्तकं आली आणि कव्हरं घालायला मला बसवण्यात आलं, कारण घरात सरळ घडी फक्त माझीच येते असं तिचं म्हणणं. खाकी कागद, कात्री आणि ताटलीत चिकटवायला भाताची शितं घेऊन आम्ही दोघी पडवीत बसलो. एकेक पुस्तक होत गेलं. इंग्रजीचं हातात आलं तशी मी सवयीनं ते मधोमध उघडून दोन्ही तळव्यांवर धरलं, डावीकडं किती, उजवीकडं किती. ती हसायला लागली. म्हणाली, आजी, पुस्तक असं भाजीसारखं तोलतेस काय.

आता हिला काय सांगू. एका पावसाळ्यात पुस्तकाच्या उजव्या हाताला किती पानं उरलीत यावर माझं सगळं अडलेलं होतं. ती पानं संपली की माझी शाळा संपणार होती.

लढाईची वर्षं होती ती. रॉकेल मिळेना, कापड मिळेना, कागद तर नाहीच नाही. संगमनेरात मुलींची शाळा होती, पण ती इंग्रजी तिसरीपाशी, म्हणजे आताच्या सातवीपाशी, संपायची. पुढं शिकायचं तर मुलांच्या हायस्कुलात जायचं, आणि मुलांच्या हायस्कुलात एकट्या मुलीनं बसायचं नाही, हा कुठं लिहिलेला नसलेला पण सगळ्या गावाला पाठ असलेला नियम. वकिलांच्या कुमुदला पुढं शिकायचं होतं. तिला सोबत हवी होती. ती सोबत म्हणजे मी.

हे मी कुरकुर म्हणून सांगत नाही बरं का. नवरीबरोबर करवली जाते ना, तशी मी कुमुदच्या शिक्षणातली करवली. करवलीलाही जेवायला तेच ताट मिळतं. माझे वडील, आबा, नदीकाठच्या आमच्या गावाहून बाजारच्या दिवशी गाडी जुंपून संगमनेरला यायचे. वकिलांनी त्यांना गाठून विचारलं, तेव्हा आबांना त्यात नाही म्हणण्यासारखं काही दिसलं नाही. मी तशीही तिसरीपर्यंत संगमनेरातच मावशीकडं राहून शिकलेच होते. घरी आल्यावर आईनं मात्र विचारलं म्हणे, की पोरगी सोबतीला जाती का शिकायला. आबा म्हणाले, "दोन्ही एकाच बाकावर होतंय."

मावशी विड्या वळायची. तिच्या घरात दाराशी, उंबऱ्यात, अंथरुणाखाली, सगळीकडं पानं आणि तंबाखूची भुकटी. पत्र्याच्या तुकड्याच्या मापानं पान कापायचं, भुकटी भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा. संध्याकाळी मीही बसायची. त्यामुळं माझ्या परकराला कायम तंबाखूचा वास. कुमुदच्या केसांना आवळ्याच्या तेलाचा. शाळा सुरू झाली त्या सकाळी आम्ही दोघी हायस्कुलाच्या ओट्यावर मास्तर लोकांच्या खोलीबाहेर उभ्या होतो, देवळाबाहेर चपला राखायला बसवलेल्या पोरींसारख्या. पद्धतच तशी होती. घंटा झाली की मास्तर बाहेर येणार, आपण त्यांच्या मागून चालायचं, त्यांच्या मागून वर्गात शिरायचं. तास संपला की त्यांच्याच मागून बाहेर पडायचं आणि पुन्हा त्या खोलीबाहेर उभं राहायचं, पुढचे मास्तर निघेपर्यंत. सबंध दिवस आमची ही ये-जा चालायची. मास्तर रजेवर असले तर त्या तासाला आम्हाला वर्गच नसायचा. कुणाच्या मागून जाणार?

इंग्रजीचे देवस्थळी मास्तर. काळा कोट, काळी टोपी, धोतर, आणि पावसाचं चिन्ह नसलं तरी काखेत छत्री. ते वर्गात शिरले तशी सगळी मुलं खाडकन उभी राहिली. मला क्षणभर वाटलं, आमच्यासाठीच उठली. कुमुदनं चिमटा काढला तेव्हा भानावर आले.

आमचं बाक मास्तरांच्या टेबलाला लागून, आडवं टाकलेलं. तोंड खिडकीकडं, मुलं एका बाजूला, जरा मागं. मान वळवून बघायची सोय नव्हती आणि धाडस तर त्याहून नव्हतं. त्यामुळं सांगते, त्या वर्गातल्या एकाही मुलाचा चेहरा मला आज आठवत नाही, कारण तो मी पाहिलाच नाही. आवाज मात्र सगळे आठवतात. एक घोगरा होता, नुकता फुटलेला, वाक्याच्या मध्येच घसरायचा. एक नाकातून बोलायचा. एक इतका हळू बोलायचा, की मास्तर म्हणायचे, अरे तुझ्या आईला ऐकू जाईल एवढं तरी बोल. माझ्या लेखी तो वर्ग म्हणजे अंधारातलं भजनी मंडळ होतं. कोण कुठं बसलंय ते कळायचं नाही, पण कोण गातंय ते कळायचं.

हजेरी घेताना मास्तर मुलांना अरे-तुरे करायचे. आमच्यापाशी आल्यावर आवाज बदलायचा. "हौसाबाई, आलात?" तेरा वर्षांची मी. घरी हौशे, शेतात ए पोरी, मावशीकडं गधडे. जन्मात पहिल्यांदा कुणी तरी मला अहो-जाहो केलं. दुसरीच कुणी हौसाबाई असेल असं वाटून मी कुमुदकडं बघत राहिले.

मास्तरांनी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं, की व्याकरणाचा तास वेगळा, हा तास इंग्रजी वाङ्मयाचा. इथं कुणी घोकायचं नाही. आणि घोकणार तरी कशावरून? त्या वर्षी पुस्तकंच आली नव्हती. वर्गात एकच प्रत, मास्तरांची. तीही जुनी, वरचं पान फाटलेलं, त्यामुळं त्या गोष्टीचं नाव काय आणि लिहिणारा कोण हे आम्हाला कधी कळलंच नाही. मास्तर आधी एक आख्खं पान इंग्रजीतून वाचायचे. आम्हाला ओ की ठो कळायचं नाही. ते म्हणायचे, नुसतं ऐका. जात्यावर आई गाते तेव्हा तान्ह्या पोराला शब्द कळतात का? तरी ते झोपतं ना? मागून नाकातला आवाज यायचा, की सर, आम्हालाही झोपच येते. वर्ग हसायचा, मास्तरही हसायचे. मग पुस्तक उलटं ठेवून, खुर्ची सोडून, टेबलाच्या कडेला टेकून ते तेच पान मराठीतून सांगायचे. आणि मग पुन्हा एकदा इंग्रजीतून वाचायचे. त्या तिसऱ्या खेपेला काय व्हायचं ते मला अजून नीट सांगता येत नाही. मघाशी नुसता आवाज होता त्यातून माणसं चालत यायची. मिलर हा शब्द आला की पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया दिसायच्या.

गोष्ट त्या मिलरचीच होती. समुद्रकाठच्या टेकडीवर त्याची वाऱ्यावर चालणारी चक्की. बायको वारलेली. मुलाला जहाजवाल्यांनी जबरदस्तीनं धरून नेलेलं, त्याचा पत्ता नाही. घरात एकटी मुलगी. ती म्हणते, मी भावाला शोधायला जाते. बाप म्हणतो, मुलगाही गेला, तूही चाललीस, मग मी दळू कुणासाठी. तू गेलीस तर ही चक्की मी बांधून ठेवीन. आषाढ संपत आला तोवर एवढंच झालं होतं. मास्तर गोष्ट अशी सांगायचे, की पोळीच्या पहिल्या घासालाच तूप लावत बसावं.

आणि कुमुदला बघायला पाहुणे आले.

पाहुणे नाशिककडचे, चांगलं घर. मुलगी पसंत पडली. फक्त एवढंच, की मुलांच्या वर्गात बसलेली मुलगी आमच्याकडं चालायची नाही, ते आतापासूनच थांबलेलं बरं. लग्न व्हायचं होतं मार्गशीर्षात, शाळा सुटली आठवड्याच्या आत. कुमुद मावशीच्या दाराशी आली होती. उंबऱ्यातली पानं चुकवत उभी राहिली. रडली वगैरे नाही. इकडचं तिकडचं बोलली आणि जाता जाता म्हणाली, "हौसा, तो सापडतो का गं तिला, एवढं मला कळव." पुढं कैक वर्षांनी आम्ही एका लग्नात भेटलो, तेव्हा दोघींच्या तोंडात सुना आणि गुडघे. तो शेवट तिला सांगायचा माझा राहून गेला.

नवरी गेल्यावर करवलीचं काय काम? दुसऱ्या दिवशी मी एकटीच मास्तरांच्या खोलीबाहेर उभी राहिले. हाकलून देतील असं वाटत होतं, पण मास्तर बाहेर आले, आमच्या दोघींच्या जागी एकटी मला बघितलं, छत्री या काखेतून त्या काखेत घेतली आणि चालायला लागले. मी मागून. बाकावर कुमुदची जागा मोकळी. मागं चाळीसएक मुलं चिडीचूप. मला त्या दिवशी एक नवीनच गोष्ट कळली. मला इथं बसायचं होतं. कुणाची सोबत म्हणून नाही, माझं मला बसायचं होतं. तोवर मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

बातमीला काय, बाजारकऱ्यांबरोबर ती गावात गेलीच. पुढच्या बाजारी आबा आले ते धान्याच्या आळीला न जाता थेट हायस्कुलावर. मला घेऊन जायला. शिपायानं त्यांना सांगितलं, की तास चालू आहे, घंटा होईतो दम धरा. आबा ओट्यावर भिंतीला पाठ लावून उकिडवे बसले. नेमके आमच्याच वर्गाच्या खिडकीखाली. माझं तोंड खिडकीकडं, मी सांगितलंच. मला त्यांचा पटका दिसत होता. लाल पटक्याचं वरचं टोक तेवढं, खिडकीच्या चौकटीत ठेवल्यासारखं. ते कशाला आलेत हे मला न सांगता कळलं. मास्तर काय वाचत होते ते त्या दिवशी माझ्या कानात शिरेना. मी पटक्याकडं बघत होते. आधी तो हलत होता, इकडं तिकडं, माणूस कंटाळून बसल्यावर हलतो तसा. मग हळूहळू हलायचा थांबला. मग जरा वर आला. आणि मग आबांचा उजवा कान खिडकीत आला.

मास्तर मराठीतून सांगत होते, की पहाटेची वेळ आहे, भरतीचं पाणी चढतंय, होडी सुटायच्या बेतात आहे. मुलगी किनाऱ्यावर आहे. वर टेकडीवर बाप उभा आहे, हाक मारीत नाही, नुसता उभा आहे. मुलीनं एक पाय होडीत ठेवला. आणि घंटा झाली. मास्तरांनी पुस्तक मिटलं.

मी मास्तरांच्या मागून बाहेर पडले तर आबा दारात. मास्तरांना वाटलं रामराम होईल, ओळख होईल. आबांनी विचारलं, "मास्तर, ती पोर गेली का मागं फिरली?"

मास्तर म्हणाले, ते उद्या.

"उद्या मी कशाला येतोय? मी ह्या पोरीला न्यायला आलोय. एकटी पोर कशी ठिवायची हितं? आता येवढं सांगा म्हंजी आमी निघतो."

मास्तरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मला आजही वाटतं, की टोपी काढून घालेपर्यंत त्यांनी सगळा विचार केला. ते म्हणाले, "वर्गाच्या आधी मी कुणालाच सांगत नाही. तुमच्या मुलीला ठेवा. उद्या ती ऐकेल, पुढच्या बाजारी ती तुम्हाला सांगेल. येते माझ्या मागून, जाते माझ्या मागून. मध्ये कुणी नाही."

आबांनी माझ्याकडं बघितलं, मग उघड्या दारातून वर्गाकडं बघितलं. आत सगळी मुलं कान देऊन बसलेली. आबा म्हणाले, "बरं. गोष्ट संपेस्तवर ऱ्हाऊ द्या. संपली का मी न्यायला येतो. हा माजा शबूद."

आमच्या गावात आबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. एकदा म्हणाले की म्हणाले. ते मला जितकं ठाऊक होतं तितकंच त्या क्षणापासून सबंध वर्गाला ठाऊक झालं.

तिथून पुढचे ते दिवस, श्रावणापासून दिवाळीपर्यंतचे, मला एका लांबलचक तासासारखे आठवतात. शाळेत दुसरेही विषय असतील, भूमिती असेल, इतिहास असेल, पण विचाराल तर एक अक्षर सांगता यायचं नाही. वर्गात मी ऐकायची ती सांगायला म्हणून. तुम्ही कधी करून बघा. आपल्यापुरतं ऐकताना माणूस पुष्कळ सोडून देतो, कळल्यासारखं करतो. दुसऱ्याला सांगायचं म्हटलं की सोडता येत नाही. त्यातून आबांसारखा ऐकणारा. बाजारात लिंबाखाली गाडी सोडलेली असायची, बैल वैरण खात असायचे, आबा भाकरीवर मिरचीचा ठेचा घेऊन बसायचे आणि मी गाडीच्या चाकाला टेकून सांगायची. ते मध्येच घास थांबवून विचारायचे, चक्की वाऱ्यावर चालते म्हणजे कशी, बैल न्हाई, पानी न्हाई? मी हातांनी पाती करून दाखवायची. ते विचार करून म्हणायचे, बरंय, वाऱ्याला वैरण लागत न्हाई. मग विचारायचे, तिकडं पेरतात काय, पाऊस केव्हा, मिलरची जमीन किती, पोरीनं बरोबर भाकरी बांधून घेतली का न्हाई. पुस्तक लिहिणाऱ्याला यातलं एकही सुचलेलं नव्हतं.

मला उत्तरं येईनात तेव्हा मी एक दिवस वर्गात तोंड उघडलं. मुलीनं वर्गात प्रश्न विचारायचा हे तोवर कुणी ऐकलं नव्हतं. मी खिडकीकडं बघतच विचारलं, की सर, त्यांच्याकडं पेरणी कधी असते. वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. मला माहीत नाही, म्हणाले. आणि दोन-तीन दिवसांनी कुठून कुणाला विचारून आले कोण जाणे, हजेरीच्या आधी म्हणाले, "हौसाबाई, वडिलांना सांगा, गहू थंडीच्या तोंडाला आणि सातू वसंतात. आणि पाऊस बारा महिने." पाऊस बारा महिने, हे आबांना दोन बाजार पुरलं. असल्या देशातली माणसं घर सोडून जहाजात कशाला चढत्यात, हा त्यांचा खरा प्रश्न होता, आणि मी सांगते, तो अजून सुटलेला नाही.

कधी कधी वाटतं, की इंग्रजी मी शिकले ती लिंबाखालीच. पुढं लग्न झाल्यावर नवऱ्याच्या दुकानात औषधांच्या बाटल्या यायच्या, खोकी यायची, त्यांवरचं एकेक अक्षर लावत मी माझी मी वाचायला लागले. नवरा म्हणायचा, ही बाटली वाचतीय का तिच्याशी बोलतीय? कारण मी प्रत्येक ओळ आधी मोठ्यानं वाचायची, मग मराठीतून सांगायची, मग पुन्हा वाचायची. समोर ऐकायला कुणी नसलं तरी. तो तिहेरी नाद काही सुटला नाही.

पण तेव्हाचं सांगते. टेबलाला लागून बसल्याचा एक तोटा होता. मला पुस्तक दिसायचं. मास्तर ते मधोमध उघडून टेबलावर ठेवायचे आणि माझी नजर उजव्या बाजूवर. आधी उजवीकडं पानांचा चांगला जाड थर होता. पोळा झाला, गणपती झाले, तसा तो उतरत चालला. डावी बाजू फुगली. मुलगी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात, कुणी तरी भावाला पाहिल्याचं सांगतं, ती आणखी पुढं जाते. इकडं टेकडीवरची पाती बांधून ठेवलेली, गावकरी दुसरीकडं दळायला जायला लागलेले. आणि मी देवाला म्हणायची, सापडू नको देऊस एवढ्यात. काय पण प्रार्थना. त्या बिचारीची पायपीट चालू राहावी म्हणून मी उपास धरला होता.

मग एक मजा माझ्या लक्षात यायला लागली. मास्तर मराठीतून सांगून झाले, की मागून घोगरा आवाज यायचा, सर, मला नाही कळलं, पुन्हा सांगा. पुन्हा सांगून व्हायचं तोवर नाकातला आवाज, सर, पहाट म्हणजे नेमकी किती वाजता? वर्गातलं सगळ्यात झोपाळू पोर ते, त्याला एकाएकी वाङ्मयाची इतकी गोडी लागली, की प्रत्येक शब्दापाशी थांबून तो अर्थ विचारायचा, आणि सांगितलेला अर्थ दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा. तो हळू आवाजाचा मुलगा तर उभं राहून असं काही पुटपुटायचा, की मास्तरांना तीन-तीनदा काय, काय म्हणावं लागायचं. आणि एरवी एक वाक्य दुसऱ्यांदा सांगायचा ज्यांना तिटकारा, ते देवस्थळी मास्तर न चिडता पुन्हा सांगायचे. एक आख्खा तास त्यांनी वाऱ्याच्या वर्णनावर घालवला. पुस्तकात ते वर्णन दोन ओळींचं होतं, मी बघितलं होतं ना. तासभर नुसता वारा. खारा वारा, ओला वारा, पाठीमागून येणारा वारा. शेवटी मास्तर म्हणाले, आणखी काही शंका? आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, हो सर.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्याशी एक अक्षर बोलायची ज्यांना बंदी, त्या चाळीस मुलांनी ती गोष्ट हातांनी धरून ठेवली होती. मला मागं वळून बघावंसं फार वाटलं. बघितलं नाही. नियम तो नियम. मी खिडकीकडंच बघत राहिले, आणि खिडकीतलं काहीच दिसेना.

पण पुस्तकच ते. विहीर नव्हे, की झरे फुटत राहतील. सहामाही परीक्षा आली आणि तिच्या आधी मास्तरांना शेवट करावाच लागला. मुलगी टेकडीखालच्या किनाऱ्यावर उतरली. भाऊ सापडला होता, धडधाकट होता, पण त्यानं समुद्रापल्याड घर केलं होतं, बायको केली होती, तो परत येणार नव्हता. एवढा निरोप घेऊन ती एकटी आली. म्हातारा दारात होता. त्यानं निरोप ऐकला, वर गेला आणि पात्यांचे दोर सोडले. वारा होताच. बस. मास्तरांनी डावी-उजवी दोन्ही बाजू एक केल्या. त्या दिवशी कुणालाच शंका नव्हती.

बाहेर पडल्यावर खोलीच्या दाराशी मास्तर थांबले. विचारलं, वडिलांना सांगणार का. मी म्हटलं, हो. "सगळा शेवट?" मी म्हटलं, सगळा. ते म्हणाले, बरोबर आहे. आत गेले.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा तो बाजार. आबा गाडी घेऊन आले. लिंबाखाली मी त्यांना शेवट सांगितला, जसा होता तसा, दोर सोडण्यापर्यंत. आबांनी भाकरी तशीच फडक्यात बांधली. म्हणाले, येवढंच? मी म्हटलं, एवढंच. मग त्यांनी बैल जुंपले. "जा, पेटी घिऊन ये."

मावशीनं पेटी उचलून दिली, हातावर चार आण्यांचे बत्तासे ठेवले. गाडी गावाच्या वाटेला लागली. प्रवरेला अजून चांगलं पाणी होतं, कडेनं बाजऱ्या कापून पडलेल्या, कणसांचा तो उन्हात भाजल्यासारखा वास. कुठं कुठं ज्वारी पेरायला पाभर चालू होती. पेटीवर बसून मी मनाशी इंग्रजी म्हणत होते, मास्तरांच्या चालीत, शब्द सांडू नयेत म्हणून. गाव आलं तेव्हा दिवस मावळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यावर गेले. बाजरीची मळणी झालेली, रास पडलेली, आबा तिवईवर उभे राहून वाऱ्याची वाट बघत होते. उपणायला वारा लागतो. वारा आला की खालून पाटी भरून वर द्यायची, ते ओतणार, दाणे सरळ खाली आणि भूस उडून पलीकडं. शेजारपाजारची दहा-पाच माणसं होती मदतीला. मला बघितल्याबरोबर गजराकाकूनं कंबरेचा पदर सोडला आणि जवळ आली. आमच्या शेजारची ही गजराकाकू. शाळा तिनं लांबूनही पाहिलेली नाही. मला वाटलं, कशी हायस, वाळलीस, असलं काही म्हणेल. ती म्हणाली, "अगं हौशे, ती गिरणीवाल्याची पोर आली का माघारी?"

मी काही सांगणार तोवर दुसरा एक जण म्हणाला, की ती बेटावर अडकली होती तिथवर ठाऊक हाय. तिसरा म्हणाला, अडकली न्हाई, पुरानं गाडीवाट बंद झाली हुती. मग मला हळूहळू उमगलं. दर बाजाराहून परत आल्यावर आबा ती गोष्ट पारावर बसून सगळ्यांना सांगत होते. त्यांच्या सांगण्यात समुद्राचा झाला होता गोदावरीचा पूर, जहाजवाल्यांच्या जागी आले होते पलटणीत भरती करणारे, आणि मिलरला तीन एकर जिराईत मिळाली होती. सबंध गाव त्या पोरीच्या वाटेकडं डोळे लावून बसलं होतं. आणि गोष्ट संपली की हौशी घरी येणार, हेही सगळ्या गावाला ठाऊक होतं. आबांनीच सांगितलं होतं. त्यांचा शब्द होता.

म्हणूनच मला घरी आलेली बघून गजराकाकूनं विचारलं होतं. पोर आली म्हणजे गोष्ट संपली. मी मान खाली घातली आणि सांगायला तोंड उघडलं.

तिवईवरून आबा म्हणाले, "संपतीय कुठं? अजून लई राहिलीय. ही दिवाळीपुरती आलीय. दिवाळी झाली का जाईल माघारी, मंग कळंल."

ते माझ्याकडं बघत नव्हते. वारा कुठून येतोय ते बघत होते. मी पाटी भरली आणि वर दिली.